घाटाखालची खबरबात



कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले दोन तालुके समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या पायथ्याशी बसले आहेत. अलिबाग-मुरुडकडच्या माणसाची जशी होडीशी आणि भरती-ओहोटीशी गाठ, तशी इकडच्या माणसाची घाटाशी आणि घाटवाटेशी. मुंबईहून पुण्याला जायचे तर बोरघाट चढायला हवा, आणि बोरघाट चढायचा तर खालापूर-खोपोलीवरून नाहीतर कर्जत-पळसदरीवरून जायला हवे. त्यामुळे गेल्या दोनशे वर्षांत देशात जी जी नवी साधने निघाली, म्हणजे टपाल, पक्की सडक, तार, आगगाडी, वीज, टेलिफोन आणि आता मोबाइल, त्यांतली बहुतेक सारी या दोन तालुक्यांतून गेली.

'गेली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. एखादी गोष्ट आपल्या गावातून जाणे निराळे आणि आपल्या गावात येणे निराळे. गाडी स्टेशनावर न थांबता धडधडत पुढे गेली तर आपल्या वाट्याला नुसता आवाज आणि धूळ येते. म्हणून प्रश्न असा की, ही साधने इथून जात असताना घाटाखाली राहणाऱ्या शेतकऱ्याच्या, ठाकराच्या, कातकऱ्याच्या आणि धनगराच्या हाती त्यांतले काय पडले, केव्हा पडले, आणि हाती पडल्यावर त्याने त्याचे काय केले?

आज हे विचारण्याचे कारण उघड आहे. हल्ली मोबाइल नाही असे घर विरळा. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक यांवर एक नवी गावकीच भरलेली असते. ती दिवसाही भरते आणि रात्रीही. म्हातारी माणसे म्हणतात, या डबीने पोरे बिघडवली. पोरे म्हणतात, असे साधन जगात कधी झालेच नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते. साधन नवे आहे हे खरे, पण खबर मिळवणे, खबर पोहोचवणे, आणि आलेली खबर खरी की खोटी हे ठरवणे, ही कामे फार जुनी आहेत. ती आपल्या बापजाद्यांनी कशी केली हे पाहिले म्हणजे आपण आज कोठे चुकतो आणि कोठे बरोबर आहोत, ते कळायला सोपे जाते.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. पेशवाईत राजकारणाची बातमी जासूद आणि हरकारे नेत. ही माणसे पायी घाट उतरत आणि चढत. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आहे, ते घाटाच्या तोंडाशी वाटसरूंची किती वर्दळ असे याची आजही साक्ष देते. पण जासुदाच्या थैलीत गावकऱ्याची बातमी नसे. गावकऱ्याला बातमी मिळे ती बाजारात, जत्रेत, लग्नकार्यात आणि दवंडीतून.

या दवंडीचा जरा विचार करा. डफावर थाप पडली की माणसे दारात येत. दवंडी पिटणारा कोण हे साऱ्यांना ठाऊक असे. ती कोणाच्या हुकुमावरून पिटली, पाटलाच्या की मामलेदाराच्या, हेही तो आधी सांगे. आणि काही शंका असली तर तिथल्या तिथे त्याला थांबवून विचारता येई. म्हणजे सांगणारा माहीत, सांगायला लावणारा माहीत, आणि उलट प्रश्न विचारायला मोकळीक. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला त्या लागणार आहेत.

पेशवाई गेली आणि १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. पुढे आगगाडी आली. १८५३ साली मुंबई-ठाणे, १८५४ साली कल्याण आणि १८५६ साली थेट खोपोली अशी ती सरकत आली. १८५८ साली खंडाळा-पुणे हा वरचा तुकडाही चालू झाला. मधला घाट तेवढा राहिला. तिथे उतारूंना खोपोलीला उतरून पालखी, तट्टू, नाहीतर गाडी करून वर जावे लागे. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते. पटकीच्या साथीत आणि अपघातांत किती जणांची हाडे त्या डोंगरात राहिली याला गणती नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर लवकरच वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल बाईंनी, ते कंत्राट पुढे चालवले.

याच घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोक सांगतात की, इंग्रज साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली. साहेबाने विचारले, काय बक्षीस हवे? धनगर म्हणाला, आमचे स्वातंत्र्य द्या. तेव्हा साहेबाने त्याला गोळी घातली. ही दंतकथा आहे, कागदावरचा पुरावा नव्हे. पण गाडीवाले आजही तिथे पैसा टाकून पुढे जातात. घाटाखालच्या माणसाला आपला इतिहास कसा वाटतो हे त्या कथेत नेमके उतरले आहे. वाट आम्ही दाखवायची, आणि वाटेचा लाभ दुसऱ्याने घ्यायचा.

मात्र एक साधन खरोखरच गरिबाच्या दारात आले. ते म्हणजे टपाल. १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी एकच दर ठरला. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात, मग ते कर्जतहून कल्याणला जावो की कलकत्त्याला. आणि १८७९ साली पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. गिरणीत गेलेल्या कोकणी माणसाची ख्यालीखुशाली त्या पोस्टकार्डावर येऊ लागली. १८८० पासून टपालखात्याची मनिऑर्डरही चालू झाली. मुंबईचा पगार आणि गावची चूल यांची गाठ त्या पिवळट कागदाने बांधली.

पण पत्र येऊन उपयोग काय? वाचणार कोण? इथे शिक्षकमित्रांनी विशेष लक्ष द्यावे. खेड्यातले पत्र पोस्टमन वाचून दाखवी, नाहीतर शाळामास्तर. कित्येक गावी तर मास्तरच शाळेच्या एका कोपऱ्यात टपालाचे काम पाही. आलेले पत्र वाचायचे, आईला काय सांगायचे आणि काय सावकाश सांगायचे हे ठरवायचे, मग तिच्या तोंडून उत्तर ऐकून चार ओळींत लिहायचे. हे काम कोणत्याही सरकारी नियमात लिहिलेले नव्हते. तरी ते मास्तरने केले, आणि म्हणून गावाचा त्याच्यावर विश्वास बसला. तार मात्र गरिबाला परवडणारी नव्हती. 'तार आली' म्हटले की घरात रडे सुरू होई, कारण मरणाखेरीज तारेवर पैसे कोण खर्चणार? ती तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये आपल्या देशात बंद झाली. तोवर मोबाइलने तिचे काम केव्हाच उचलले होते.

आता विजेकडे वळू. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या माथ्यावर तळ्यांत पावसाचे पाणी साठवायचे, ते मोठमोठ्या नळांनी घाटाखाली सोडायचे, त्याने चक्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे वीजघर उभे राहिले. तारा गेल्या त्या भाताच्या खाचरांवरून आणि पाड्यांच्या डोक्यावरून. खालच्या झोपड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच होती. वीज इथली आणि उजेड मुंबईचा.

या विजेच्या मनोऱ्यांची गोष्ट निघाली म्हणजे भाई कोतवालांचे नाव घ्यावेच लागते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानचे, शिक्षणाने वकील. नाभिक कुटुंबातला हा तरुण सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्यांत काम करू लागला. त्याने खेड्यापाड्यांतून शाळा काढल्या आणि धान्यकोठीची योजना केली. १९४२ च्या चळवळीत त्याने आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. हेतू हा की, मुंबईचे युद्धोपयोगी कारखाने थांबावेत. पोलिसांपाशी तारायंत्र होते, टेलिफोन होता, मोटारी होत्या. दस्त्यापाशी होती ती रानातली माणसे. कोणत्या पाड्यावर भाकरी मिळेल, कोणत्या वाटेवर पोलीस बसले आहेत, हे एका तोंडातून दुसऱ्या कानात जाई. महिने न् महिने ही तोंडी खबर तारायंत्राला भारी पडली. पण शेवटी ठावठिकाणा फुटलाच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ज्या खबरीने माणूस वाचतो, तीच खबर चुकीच्या कानात गेली तर माणूस मरतो. हा धडा या मातीला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर आली ती रेडिओची लाट. मुंबईचे केंद्र १९२७ पासून होते, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. आणि १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. आजच्या मोबाइलच्या काळात त्याची आठवण ठेवणे फार अगत्याचे आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावी वीसेक शेतकऱ्यांचे एक मंडळ केले. त्याला नाव 'शेतकरी रेडिओ मंडळ' म्हणा की श्रोतृमंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. मंडळी एकत्र बसून तो ऐकत. मग रेडिओ बंद करून त्यावर बोलणे होई. जे ऐकले ते आपल्या गावाला लागू आहे का? लागू असेल तर करायचे कोणी? शंका असतील त्या लिहून काढायच्या आणि केंद्राला धाडायच्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. त्यांनी मंडळ असलेली गावे पाहिली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे पाहिली, आणि रेडिओच नाही अशीही पाहिली. निष्कर्ष मोठा बोलका निघाला. जिथे मंडळ होते तिथल्या लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे फारसे काही वाढले नाही. बघा म्हणजे, यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्याने आणि उलट प्रश्न विचारण्याने. १९५९ साली ही पद्धत देशभर नेण्यात आली.

त्यानंतरची कथा तुम्हां-आम्हांला डोळ्यांदेखत घडलेली आहे, म्हणून ती भरभर सांगतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथे निघाली. १९९५ साली आपल्या देशात मोबाइल आणि इंटरनेट ही दोन्ही लोकांसाठी खुली झाली. पहिल्या काळात आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. २००३ साली तो आकार गेला आणि मग गवंड्याच्या, रिक्षावाल्याच्या खिशातही फोन दिसू लागला. 'मिस्ड कॉल' हा आपल्या लोकांनी त्यातून काढलेला खास देशी तोडगा, एक पैसाही न घालवता निरोप पोहोचवण्याचा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट एकदम स्वस्त झाले, आणि चित्रे, आवाज, सिनेमा सारेच हातातल्या हातात आले.

आता घाटाखालच्या रोजच्या जगण्यात याने काय झाले ते पाहा. २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून खालापूर-कर्जतच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, तेव्हा आपल्या सातबाऱ्यावर कोणाचा फेरफार पडला हे घरबसल्या दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. तलाठ्याच्या दाराशी घालवलेले दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याची किंमत कळेल. पण ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी तो सातबारा दलालच काढतो आणि दलालच वाचून दाखवतो. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः खाचरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. आणि डोंगराच्या कुशीतल्या वावरात रेंज नसली, तर आधी टेकाड चढायचे.

पैशाचेही तसेच. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडविरहित गाव म्हणून गाजले. नोटबंदीनंतरचे ते दिवस. वडापाववाल्यापासून सगळ्यांनी कार्ड घासण्याची यंत्रे घेतली. तो उत्साह पुढे ओसरला, पण मोबाइलवरून पैसे देणे मात्र आपोआप रुजले. आज कर्जतच्या बाजारात भाजीवालीच्या टोपलीला चौकोनी ठिपक्यांचे चित्र लटकलेले असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब फोनवरून गावच्या म्हातारीशी बोलते. पोस्टकार्डाचे आणि मनिऑर्डरीचे काम आता एकच डबी करते. मात्र पोस्टमन पैसे मोजून हातात ठेवी. आता कोणी अनोळखी माणूस फोन करून, बँकेतून बोलतो म्हणून, आकडे विचारतो आणि क्षणात वर्षाची कमाई नेतो.

शाळेचे काय झाले ते शिक्षकांना मी सांगायला नको. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले. घरात फोन एक, तोही बाप कामावर घेऊन जाणार. पोरे तीन, तीन इयत्तांची. डोंगरावरच्या वाड्यांत फोन असला तर रेंज नाही, रेंज असली तर रिचार्जला पैसे नाहीत. ज्या शिक्षकांनी पाड्यावर जाऊन झाडाखाली चार-चार मुले बसवली, त्यांचीच मुले वाचायला विसरली नाहीत. उलट बाजूही पाहू. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यू. आर. कोड जोडण्याची कल्पना रुजवली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यंत्र तेच. एका ठिकाणी ते मुलांना दूर ठेवते, दुसऱ्या ठिकाणी जवळ आणते. मध्ये शिक्षक उभा आहे की नाही, एवढाच फरक.

आता दोन घटना सांगतो. पहिली आपल्यापासून दूरची, दुसरी अगदी घरची.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी गाव. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या आधी कितीतरी दिवस व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होते. सोलापूरकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे बसमधून उतरले. कोणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांचा जीव जाईस्तोवर मारले. पाचही जण निरपराध होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा अधिक पुढे धाडता येऊ नये अशी मर्यादा घातली. २०२४ साली न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेप दिली. ते तुरुंगात गेले, पण तो निरोप प्रथम कोणी लिहिला हे मात्र कोणाला सांगता येत नाही. आता आपली दवंडी आठवा. सांगणारा कोण? माहीत नाही. हुकूम कोणाचा? माहीत नाही. उलट विचारायचे कोणाला? सोयच नाही. तिन्ही गोष्टी नसताना गावाने त्या निरोपावर विश्वास ठेवला, आणि पाच घरे उघडी पडली.

दुसरी घटना खालापूर तालुक्यातली. १९ जुलै २०२३ ची रात्र. कित्येक दिवस पावसाची झड लागलेली. इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर, ठाकरांच्या त्या वस्तीवर, डोंगर खचून आला. माणसे झोपेत गाडली गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली होती. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, माणसांनी चिखलातून पायी चढून कुदळ-फावड्यांनी माती उपसली. वाडीच्या शाळेत काही पोरे रात्री मोबाइलवर खेळत जागी होती, आवाज ऐकून ती बाहेर आली आणि त्यांनी ओरडा केला, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. ज्या खेळाबद्दल एरवी आपण पोरांना रागावतो, त्या खेळाने त्या रात्री त्यांना जागे ठेवले. म्हणून खेळ चांगला असे मी म्हणणार नाही. पण साधनाला सरसकट शिव्या देण्याआधी थोडा विचार करावा, एवढे यातून खासच निघते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. इर्शाळगड मुंबईच्या गिर्यारोहकांत प्रसिद्ध. त्याची हजारो चित्रे फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर आहेत. गडाचा सुळका जगाने पाहिला, पण त्याच्या पायथ्याची वाडी धोक्यात आहे हे कोणी पाहिले नाही. दरडींच्या धोक्याच्या गावांची जी सरकारी यादी होती, तीतही या वाडीचे नाव नव्हते. म्हणजे इतके फोटो, इतकी माहिती, इतकी रेंज घाटातून गेली, पण वाडीचे भय वर पोहोचले नाही. वीज इथली आणि उजेड मुंबईचा, असे मी मघाशी म्हटले. त्याचाच हा नवा प्रकार नव्हे काय?

तरी निराश होण्याचे कारण नाही. याच खालापूर तालुक्यात खोपोलीला 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' ही स्वयंसेवकांची संघटना आहे. द्रुतगती मार्गावर किंवा बोरघाटात गाडी उलटली की मोबाइलवर निरोप जातो, आणि दुकान, घर, जेवणाचे ताट सोडून माणसे घटनास्थळी धावतात. इर्शाळवाडीतही खोपोलीचे गिर्यारोहक आणि स्वयंसेवक मदतीला गेले होते. यांच्या हातात राईनपाड्यातल्या लोकांच्या हातात होते तेच यंत्र आहे. पण इथे निरोप देणारा ओळखीचा, ठिकाण नक्की, आणि निरोप वाचून करायचे काम ठरलेले. १९५६ च्या रेडिओ मंडळाने जे केले, तेच ही मंडळी न शिकवता करीत आहेत. ऐका, बोला आणि उठा.

तेव्हा इतिहास आपल्याला काय सांगतो? एक तर हे की, साधने घाटातून जातच राहणार. ती आपली होतात ती आपण त्यांच्याभोवती काही रीत बसवली तरच. टपालाभोवती मास्तरच्या वाचनाची रीत बसली, म्हणून टपाल गावाचे झाले. रेडिओभोवती मंडळाची रीत बसली, तिथे रेडिओ गावाचा झाला. मोबाइलभोवती अजून आपण कोणतीच रीत बसवलेली नाही. जो तो एकटा बसून, मान खाली घालून पाहतो, आणि कोणाला न विचारता पुढे ढकलतो.

ती रीत बसवणे अवघड नाही. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा जो समूह मोबाइलवर असेल, त्यात दवंडीचा नियम लावा. सांगणाऱ्याचे नाव आणि हुकूम कोणाचा हे असेल तरच निरोप पुढे जाईल. परक्या माणसाचा फोटो 'हा चोर आहे' म्हणून कोणी धाडला, तर तो पुढे न ढकलता ११२ या क्रमांकावर पोलिसांना विचारा. बँकेच्या नावाने कोणी फसवले तर वेळ न दवडता १९३० हा क्रमांक लावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे साधन मोबाइलवर घ्या. भातलावणीच्या दिवसांत वीज कोठे पडण्याचा संभव आहे, हे ते सांगते. आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, संध्याकाळी शाळेच्या ओटीवर बसून आठवड्याचे चार निरोप मोठ्याने वाचा आणि त्यांवर बोला. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा सातबारा, त्यांच्या बँकेचा निरोप त्यांच्यादेखत वाचून दाखवा. पूर्वीचा मास्तर पत्र वाचून दाखवी, तेच हे काम.

शिक्षकमित्रांना शेवटी एक विनंती आहे. मृग लागण्याआधी आपल्या शाळेच्या हद्दीतल्या प्रत्येक वाडीची आणि पाड्याची एक यादी मुलांकडून करून घ्या. कोणत्या घरी फोन आहे, रेंज कोठल्या दगडावर मिळते, डोंगराला कोठे नवी चीर दिसते, झऱ्याचे पाणी कोठे एकाएकी गढूळ झाले, आणि मुसळधार पावसाच्या रात्री त्या वाडीत कोण जागे राहणार आहे, हे त्या यादीत असू द्या. तिची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा, एक ग्रामपंचायतीत द्या आणि एक तहसीलदार कचेरीत देऊन पोच घ्या. पोच आली नाही तर मोबाइलवरून पुन्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.